हाताची सवय लागेल म्हणून रडू द्यायचं?

‘बाळ रडलं की लगेच उचलू नका, हाताची सवय लागते.’ कोल्हापुरात पेठेपेठेत हा सल्ला मिळतो, मोबाइलवरही फिरतो. सांगणाऱ्यांची माया खरीच असते. पण पहिल्या काही महिन्यांत बाळ हट्टानं रडत नाही. रडून मोठ्यांना नमवायचं, एवढा विचार त्याला अजून जमतच नाही. भूक, ओलं दुपटं, झोप, कुशीची ऊब, हे सांगायला त्याच्याकडे रडण्याशिवाय आहे काय?

मग समज पसरला कसा? रडणं साधारण ६ ते ८ आठवड्यांपर्यंत वाढतं, नेमकं तेव्हाच आपण त्याला सारखं उचलत असतो. दोष उचलण्यावर येतो. पुढे बाळ ३-४ महिन्यांचं होईपर्यंत, उचलत राहिलं तरी, रडणं बहुधा ओसरतं. रडण्याच्या वेळा रोज वहीत लिहा, उतार दिसेल. ताप असेल किंवा दूध घेत नसेल, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.