शीडबांधणी (लहान होडीवरील)

लहान होडीची डोलकाठी उभी करणे, डोलकाठीला व तिच्या पायथ्याजवळच्या आडव्या काठीला शीड जोडणे, ते वर चढवून ताणणे आणि ज्या दोऱ्यांनी ते आवरले जाते त्या आपापल्या जागी अडकविणे, या सर्व क्रियांना मिळून शीडबांधणी म्हणतात. लहान होडी म्हणजे येथे डिंगी अभिप्रेत आहे : साधारण २ ते ५ मीटर लांबीची, वरून उघडी, एका-दोघांनी चालविण्याजोगी आणि काम झाल्यावर ओढून काठावर घेता येणारी होडी. मोठ्या जहाजाचे शीड दीर्घकाळ डोलकाठीवरच राहू शकते. डिंगीचे शीड बहुधा प्रत्येक फेरीपूर्वी बांधावे आणि फेरीनंतर उतरवावे लागते. म्हणून या बांधणीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. वाऱ्याच्या जोराने ती सुटू नये आणि हाताने सोडू म्हटले की क्षणात सुटावी.

मराठीत गाठीचे निरगाठ आणि सुरगाठ असे जे दोन भेद घरोघरी माहीत आहेत, त्यांवरून हा विषय चटकन उलगडतो. शिडाचा पुढचा खालचा कोपरा, डोलकाठीचे ताण आणि सुकाणू या गोष्टी फेरी संपेपर्यंत सुटता कामा नयेत. त्यांची बांधणी निरगाठीच्या जातीची असते. याउलट शीड आत-बाहेर करणारी दोरी आणि शीड वर चढविणारी दोरी या दोन्ही सुरगाठीप्रमाणे एका झटक्यात मोकळ्या व्हाव्या लागतात. कोणते टोक कोणत्या जातीचे, हे ज्याला नेमके कळले त्याला उरलेली बांधणी सरावाने येते. नवशिक्याची चूक बहुधा उलट दिशेने होते : जे सुटायला हवे ते तो गच्च आवळतो आणि जेथे पक्की गाठ हवी तेथे दोरीला नुसता वेढा देऊन सोडतो.

नागपूर हे शहर अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोहोंपासून ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे शिडाचा शब्दसंग्रह येथील बोलीत मुळातून आलेला नाही. विदर्भातील तलावांवर ढिवरांचा डोंगा असतो. तो बांबूने रेटून किंवा वल्ह्याने चालवितात आणि त्याला सहसा शीड नसते. शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द येथे पुस्तकांतून, म्हणजे कोकणातून आले. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेच्या प्रशिक्षणात वल्हविणे आणि शिडाची होडी चालविणे या दोहोंचा समावेश असतो, त्यामुळे समुद्र कधीही न पाहिलेल्या छात्रालाही हॅलियार्ड (शीड चढविणारी दोरी), शीट (शीड आत-बाहेर करणारी दोरी), क्लीट (दोरी अडकविण्याचा खुंटीसारखा भाग) हे शब्द शिकावे लागतात आणि ‘शीट ढील दे’ असे वाक्य त्याच्या तोंडी सहज बसते. ‘ढील’ मात्र त्याला नवी नसते. संक्रांतीला गच्चीवरून पतंग उडविताना ती त्याने बोटांनी अनुभवलेली असते. पतंगाचा मांजा आणि शिडाची शीट यांचे काम पुष्कळसे सारखेच आहे : वाऱ्याचा दाब हातापर्यंत पोहोचविणे आणि तो वाढला की दोरी सैल सोडणे.

शहराच्या पश्चिमेस नाग नदीच्या प्रवाहावर १८७० च्या सुमारास बांधलेला अंबाझरी तलाव, तेलंगखेडी भागातील फुटाळा आणि रामटेकजवळचा खिंडसी जलाशय ही या परिसरातील परिचित मोठी पाणी आहेत. अशा आतल्या पाण्यांवरचा वारा समुद्रावरच्या वाऱ्याप्रमाणे एकसारखा वाहत नाही. बांध, काठावरची झाडी, इमारती आणि टेकड्या यांना अडून तो तुटक होतो, दिशा बदलतो आणि मध्येच झोत मारतो. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या पावसापूर्वी जी वावटळ सुटते तिच्यात हा बदल काही मिनिटांत घडतो. शिडावरचा वाऱ्याचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून तलावावर होडी चालविणाऱ्याने सुटण्याच्या सोयीकडे समुद्रावरील नाविकाहूनही अधिक लक्ष द्यावे, असे या नोंदीचे मत आहे.

नावांपुरते थोडक्यात सांगायचे तर उभ्या काठीला डोलकाठी किंवा मास्ट आणि शिडाच्या तळाशी असणाऱ्या आडव्या काठीला बूम म्हणतात. त्रिकोणी शिडाची डोलकाठीलगतची कड म्हणजे लफ, मागची मोकळी कड म्हणजे लीच आणि तळाची कड म्हणजे फूट. वरचा कोपरा हेड, पुढचा खालचा कोपरा टॅक आणि मागचा खालचा कोपरा क्ल्यू. शीड वर चढविणारी दोरी ती हॅलियार्ड. शीड आत ओढणारी किंवा बाहेर सोडणारी दोरी ती शीट. इंग्रजीत शीट म्हटले की ऐकणाऱ्याला कापड वाटते आणि प्रत्यक्षात ती दोरी असते; पहिल्या दिवसाचा निम्मा गोंधळ या एका शब्दाने होतो.

बांधणीची सुरुवात वाऱ्याकडे तोंड करण्यापासून होते. ट्रॉलीवरील होडीचे टोक वाऱ्याच्या रोखाने वळवून ठेवले म्हणजे चढविलेले शीड झेंड्यासारखे मधोमध फडफडते आणि त्यात जोर भरत नाही. होडी आडवी किंवा पाठमोरी असताना शीड चढविले तर बूम वेगाने एका बाजूस फिरते, होडी ट्रॉलीवरच कलंडते किंवा चालू लागते. बूमचा डोक्याला बसणारा फटका ही डिंगीवरील नेहमीची दुखापत आहे आणि ती पाण्यावर जशी होते तशी काठावरही होते. त्याआधी वर पाहणे आवश्यक असते. अलीकडच्या डोलकाठ्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात. उभी करताना किंवा उभ्या डोलकाठीची होडी काठाने ढकलत नेताना ती विजेच्या तारेला लागली तर धक्का प्राणघातक ठरतो.

डोलकाठी उभी ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एन्टरप्राइझ या दोघांच्या होडीत (रचनाकार जॅक होल्ट, १९५६, लांबी ४.०४ मीटर) डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून पोलादी तारांचे ताण असतात. या तारा पिनांनी अडकविलेल्या असतात आणि पिन निघू नये म्हणून तिच्यात बारीक कडी घालतात. ती कडी चिकटपट्टीने गुंडाळण्याचे काम एका मिनिटाचे आहे. ते टाळले आणि दोरी कडीत अडकून ती ओढली गेली, तर डोलकाठी पाण्यावर कोसळते. दुसऱ्या रीतीत ताण नसतातच. ब्रूस कर्बी यांच्या लेझर या एकट्याच्या होडीत, जिला २०१९ पासून आयएलसीए असे नाव आहे, डोलकाठीचे दोन तुकडे एकात एक बसवितात, शिडाला शिवलेली लांब खोळ त्यांवर उशीच्या अभ्र्यासारखी चढवितात आणि ती डोलकाठी होडीच्या पाठीवरील खोबणीत उभी करतात. खोबणीत वाळूचे कण राहिले तर डोलकाठी फिरताना ते काठ खरवडतात आणि कालांतराने होडीत पाणी शिरते. म्हणून डोलकाठीचे टोक व खोबणी दोन्ही आधी पुसून घेतात. होडी पालथी झाल्यास डोलकाठी निसटू नये यासाठी तिला होडीशी जोडणारी एक छोटी दोरीही बांधतात.

मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीचा प्रकार निराळा आहे आणि गाठी शिकण्यास तोच सर्वांत उपयुक्त. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लॉरिडातील क्लिअरवॉटर येथे आखलेली ही सुमारे २.३ मीटर लांबीची होडी १५ वर्षांपर्यंतची मुले चालवितात. तिचे शीड त्रिकोणी नसून चौकोनी असते आणि त्याचा वरचा मागचा कोपरा स्प्रिट नावाच्या तिरक्या काठीने उचलून धरलेला असतो. शीड डोलकाठीला व बूमला बारीक दोरीच्या अनेक सुट्या फासांनी बांधावे लागते. हे फास सर्व सारख्या अंतराचे हवेत. एक सैल आणि एक घट्ट असला की कडेवर कंगोरे पडतात. स्प्रिटचा ताण शिडावरच्या चुणीवरून कळतो. डोलकाठीलगतच्या वरच्या कोपऱ्यापासून खाली मागच्या कोपऱ्याकडे तिरपी चुणी पडली तर स्प्रिट सैल आहे. स्प्रिटच्या टोकाकडून खाली पुढच्या कोपऱ्याकडे चुणी पडली तर ती जास्त ताणली आहे.

त्रिकोणी शिडाच्या बांधणीत प्रथम लवचिक पट्ट्या, म्हणजे बॅटन, त्यांच्या खिशांत घालतात, कारण शीड वर गेल्यावर वरच्या खिशापर्यंत हात पोहोचत नाही. मग टॅक पिनेने किंवा शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) डोलकाठीच्या पायाशी पक्का करतात, क्ल्यू बूमच्या टोकाकडे आउटहॉल या दोरीने ओढून घेतात आणि शिवाय तो बूमला जखडून ठेवणारा एक वेढा देतात. हा वेढा नसला तर क्ल्यू वर उचलला जातो आणि आउटहॉल कितीही ओढला तरी तळ ताणला जात नाही. हॅलियार्डचा शॅकल हेडला लावण्यापूर्वी दोरी डोलकाठीभोवती गुंडाळली गेली नाही ना, हे खालपासून वरपर्यंत नजर फिरवून पाहतात. पुढचे लहान शीड, म्हणजे जिब, असल्यास ते आधी चढवून त्याच्या तारेचा ताण पुरा करतात आणि मोठे शीड शेवटी चढवितात, म्हणजे बूम कमीत कमी वेळ मोकळी हेलकावते.

गाठींपैकी तीन-चार पुरतात. बोलाइन ही निरगाठ आणि सुरगाठ यांच्या मधली म्हणता येईल : ताण असेतोवर ती घसरत नाही आणि कितीही ओढली गेली असली तरी ताण गेल्यावर अंगठ्याने सुटते. जिबच्या शीटा तिनेच बांधतात. दोरीच्या मोकळ्या टोकाला आठच्या आकड्याची गाठ मारली की ती कप्पीतून निसटत नाही. शिंगांच्या क्लीटवर हॅलियार्ड अडकविताना आधी बुडाशी एक पूर्ण वेढा, मग आठच्या आकड्यात दोन-तीन वेढे आणि शेवटी एक उलटा फास असा क्रम असतो. नागपुरात संत्र्यांच्या ट्रकवर ताडपत्री आवळण्यासाठी दोरीतच कप्पीसारखा फास करून जी गाठ मारतात, तीही ट्रॉलीवर होडी बांधण्यास उत्तम. मात्र शीटला ती कधीही मारू नये.

शीटच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. दात्यांचा कॅम क्लीट असला तरी मोठ्या शिडाची शीट झोताच्या वाऱ्यात त्यात कायम अडकवून ठेवू नये. ती हातात असावी, किंवा अडकविलीच तर वरच्या दिशेने हिसका देताच सुटेल अशी असावी. होडी कलू लागल्यावर क्लीट शोधण्यास वेळ नसतो.

चढविलेल्या शिडाचा आकार सुधारणे हेही बांधणीतच मोडते. लफवरून आडव्या बारीक चुण्या निघत असतील तर हॅलियार्ड किंवा कनिंगहॅम (लफ खाली ओढून ताणणारी दोरी) आणखी ओढावा; डोलकाठीला समांतर उभी घडी दिसली तर तो सोडावा. कनिंगहॅम हे नाव अमेरिकी नाविक ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्यावरून आले आहे. बूम वर उचलली जाऊ नये म्हणून तिच्या खालून डोलकाठीच्या पायाकडे जाणारी व्हँग ओढतात. ती सैल असेल तर शिडाचा वरचा भाग पिळवटून वारा सांडून देतो. हलक्या वाऱ्यात आउटहॉल थोडा सोडून शिडाला पोट येऊ द्यावे आणि जोराच्या वाऱ्यात सारे ओढून ते सपाट करावे. वारा त्याहूनही अधिक असेल तर शीडच लहान करावे लागते. आयएलसीएत एकाच होडीवर ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटरची तीन शिडे वापरता येतात, ती त्यासाठीच.

दोरीची निवडही याच हिशेबाने होते. हॅलियार्ड न ताणली जाणारी हवी, म्हणून पॉलिएस्टर किंवा डायनिमा (अतिशय मजबूत कृत्रिम धागा) वापरतात. नायलॉनची दोरी बाजारात सहज मिळते, पण ती रबरासारखी लांबते; सकाळी ताठ चढविलेले शीड तिच्यामुळे थोड्या वेळात लोंबू लागते. डायनिमा इतकी गुळगुळीत असते की साधी बोलाइन तिच्यावर सरकू शकते; टोक लांब सोडून एक जादा फास घ्यावा लागतो.

होडी पालथी झाली तर ती सरळ करण्यापूर्वी शीट आणि व्हँग दोन्ही मोकळ्या करतात, नाहीतर वर येताच शिडात वारा भरून ती दुसऱ्या अंगावर पडते. उथळ, गाळ साचलेल्या तलावात उलट्या होडीची डोलकाठी चिखलात रुतते. ती जोराने उपटण्यापेक्षा होडीचे टोक वाऱ्याकडे वळवून हळूहळू सोडविणे बरे, कारण वाकलेली डोलकाठी पुन्हा सरळ होत नाही. जलपर्णी असलेल्या पाण्यात ती सुकाणूला आणि होडीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीलाही गुंडाळते, म्हणून या दोन्ही वस्तू वर उचलता येतील अशाच बांधाव्यात.

फेरीनंतर शीड फडफडत ठेवू नये; फडफडण्याने कापडावरचा राळेचा लेप तडकतो आणि शीड मऊ पडते. ते उतरवून, बॅटनला समांतर गुंडाळून, मधोमध एका सुरगाठीने बांधून पिशवीत ठेवतात. गोड्या पाण्यात मीठ धुण्याचा प्रश्न नसतो, पण शेवाळ आणि ओल यांनी बुरशी धरते, त्यामुळे शीड सावलीत वाळवावे लागते. उन्हात नव्हे : नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि अतिनील किरणांनी पॉलिएस्टरचे धागे व त्याहून आधी शिवण कुजते. होडी काठावर ठेवताना डोलकाठी शक्यतो काढावी. ती उभीच ठेवायची असेल तर हॅलियार्ड डोलकाठीपासून दूर ताणून बांधावी आणि होडी दोन्ही बाजूंनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना आवळावी. मे-जूनमधील वावटळीत शीड नसलेली रिकामी होडीही उलटते.