लांडगा ते गोचीड : मूसच्या धड्याची पार्श्वभूमी

मूस म्हणजे उत्तर अमेरिकेत आणि युरोपात आढळणारं सर्वांत मोठं हरीण. त्याचा धडा शिकवताना घोळ नावापासूनच सुरू होतो. मराठीत मूस म्हणजे धातू ओतायचा साचा. प्राण्याचं नाव मात्र उत्तर अमेरिकेतल्या अल्गोंक्विन भाषांतून आलेलं. युरोपात याच प्राण्याला एल्क म्हणतात आणि अमेरिकेत एल्क म्हणजे वापिटी, हे वेगळंच हरीण. मुलांना चित्रं शोधायला सांगितलं की निम्मी चित्रं वापिटीची येतात. म्हणून आधी खुणा द्याव्यात : लांब लोंबता वरचा ओठ, उंच पाय, खांद्यावर उंचवटा आणि नराला तळव्यासारखी पसरट शिंगं. ही शिंगं दर हिवाळ्यात गळतात, त्यामुळे बिनशिंगाचा मूस म्हणजे मादीच असं नाही.

मूसचा सर्वांत जुना धडा त्याच्या आकाराचा. अमेरिकेतले प्राणी युरोपातल्यांपेक्षा खुजे, असं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ मांडत असे. ते खोडायला थॉमस जेफरसन या अमेरिकेच्या तेव्हाच्या फ्रान्समधल्या राजदूताने १७८७ मध्ये न्यू हॅम्पशायरहून पॅरिसला एक मूस मागवला. तो पोचला तेव्हा केस झडले होते आणि सोबतची शिंगं दुसऱ्याच जनावराची होती! शाळेतला धडा अजूनही बऱ्याचदा ‘सर्वांत मोठं हरीण’ इथेच संपतो.

दुसरा धडा कुऱ्हाड आणि बंदुकीचा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे न्यू हॅम्पशायर, मेन वगैरे ईशान्य अमेरिकेतल्या राज्यांत, शेतीसाठी जंगलं तुटली, शिकारीला धरबंध राहिला नाही आणि एकोणिसाव्या शतकात मूस तिथून जवळजवळ नाहीसा झाला. पुढे शेतं ओस पडून झाडी परतली, शिकारीवर बंधनं आली, तसा तोही परतला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर तर तो मुळात नव्हताच. १९०४ मध्ये सोडलेल्या चार जनावरांपासून आज तिथे लाखाच्या वर मूस आहेत. म्हणून ‘मूस नामशेष होत आहे’ असं मुलांना सांगू नये. जगभराचा विचार करता तो धोक्यात नाही. संकट आहे ते तो राहतो त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला.

तिसरा धडा लांडग्याचा. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास चालू आहे. तिथे १९८०च्या दशकात कुत्र्यांच्या विषाणूने लांडगे मेले. मूस वाढत गेले, बेटावरचा पाला पुरेना आणि १९९६च्या कडक हिवाळ्यात ते उपासमारीने मोठ्या संख्येने मेले. लांडग्याला खलनायक करणाऱ्या गोष्टींना याहून चांगलं उत्तर सापडणं कठीण.

खरा बदल झाला तो शत्रू लांडग्याऐवजी बारीकसा परजीवी झाल्यावर. पूर्व कॅनडात मूस लडखडत गोल गोल फिरत मरत. त्याचं कारण १९६०च्या दशकात परजीवीतज्ज्ञ रॉय अँडरसन यांनी दाखवलं : मेंदूत शिरणारा जंत. तो मूळचा पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा आणि त्या हरणाला सहसा त्रास देत नाही. हरणाच्या लेंडीतून तो गोगलगायीत जातो आणि पाल्यासोबत गोगलगाय खाणाऱ्या मूसच्या पोटात उतरतो. हिवाळे सौम्य झाले, तोडलेल्या जंगलात कोवळी झाडी आली, तशी ही हरणं उत्तरेला सरकली आणि जंतही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या वायव्य भागात १९८०च्या दशकात सुमारे ४,००० मूस होते. २००७ पर्यंत शंभरही उरले नाहीत. तिथे जंत, इतर परजीवी, अपुरं पोषण आणि उष्णता यांची गुंतागुंत होती, एकच कारण सांगून मोकळं होऊ नये.

हिवाळी गोचिडीला मात्र वेगळा तास द्यावा. उन्हाळ्याच्या शेवटी अंड्यांतून निघालेल्या तिच्या अळ्या शरदात झुडपांच्या शेंड्यांवर एकमेकींना धरून घोळक्याने लटकतात आणि जाणाऱ्या मूसच्या अंगावर चढतात. अख्खा हिवाळा त्याच एका जनावरावर काढून वसंतात गोचिडीच्या माद्या रक्ताने फुगून गळतात. शरदात बर्फ लवकर पडला तर अळ्यांची संधी हुकते. एप्रिलमध्ये जमिनीवर बर्फ असेल तर गळालेल्या माद्या मरतात. दोन्ही टोकांना बर्फ आखडला की दोन्ही अडसर जातात. न्यू हॅम्पशायर आणि मेनमध्ये २०१४ ते २०१६ दरम्यान एकेका पाडसावर सरासरी ४७,००० गोचिडी मोजल्या गेल्या आणि माग ठेवलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के पाडसं मेली. रक्त जातंच, शिवाय खाजेने अंग घासून केस जातात आणि चरणं सुटतं.

४७,००० हा आकडा फळ्यावर लिहून कळत नाही. मिलिमीटरच्या आलेखकागदावर १८ बाय २६ सेंटिमीटरचा आयत आखायला लावावा. त्यात ४६,८०० चौकटी येतात. मुलांनी दहा मिनिटं त्यात ठिपके द्यावेत आणि किती भरल्या ते मोजावं. त्याआधी मापनफितीने दोन मीटर उंचीवर भिंतीवर खूण करावी : मोठ्या नराचा खांदा साधारण तिथे येतो. एवढ्या जनावराला एवढीशी अळी, हे मग सांगावं लागत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गोचिडीला दुष्ट ठरवणं. ती तिथे पूर्वीपासून आहे, बदलला तो हिवाळा.

मूसची गर्दी जितकी जास्त, तितक्या गोचिडी जास्त. म्हणून मेनने २०२१ पासून एका भागात मूसच्या माद्यांची शिकार मुद्दाम वाढवून संख्या उतरवण्याचा प्रयोग सुरू केला. हा भाग शेवटी घ्यावा आणि बारा वर्षांखालच्या मुलांना न सांगितला तरी चालेल. तो आधी घेतला तर वर्ग ‘शिकारी वाईट’ इथेच अडकतो आणि आलेखकागद तसाच पडून राहतो.