ताईची छुआन : उगमाच्या आख्यायिका व वाद

ताईची छुआन ही चीनमधील संथ, गोलाकार व सलग हालचालींची मुष्टियुद्धकला. 'ताईची' म्हणजे यिन आणि यांग ही परस्परपूरक तत्त्वे ज्यातून निघतात ते परमतत्त्व. 'छुआन' म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. शिंगयी व बाग्वा या कलांबरोबर तिची गणना 'नेइज्या' म्हणजे आतल्या घराण्यात होते; शाओलिन मठाशी जोडलेल्या कला 'वायज्या', म्हणजे बाहेरच्या घराण्यातल्या. चेन, यांग, वू (यूश्यांग), वू (ज्यानछुआन) आणि सुन या तिच्या प्रमुख शैली असून त्यांची वंशावळ 19व्या शतकापासून पुढे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. वाद आहे तो त्याआधीचा.

जांग सानफंगची कथा : सर्वांत लोकप्रिय कथेनुसार हूपेइ प्रांतातील वूदांग पर्वतावर राहणाऱ्या जांग सानफंग या ताओपंथी साधकाने एके दिवशी पक्षी व साप यांची झुंज पाहिली. पक्षी कुठे क्रौंच, तर कुठे कावळ्याच्या कुळातला मॅगपाय. पक्ष्याने चोच मारली की साप अंगाचे वेटोळे करून वार चुकवी आणि त्याच वळणातून उलटा फटका देई. मऊपणाने कठीणाला जिंकण्याचे सूत्र सानफंगला त्यातून सापडले, असे ही कथा सांगते. सरावाच्या दृष्टीने ती अतिशय बोलकी आहे, म्हणूनच ती टिकली. मात्र ती जुन्या ग्रंथांत आढळत नाही. तिचा प्रसार बराच उशिराचा दिसतो.

सानफंगचे चरित्र मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात (पूर्ण 1739) आहे. कासवासारखी ठेवण, क्रौंचासारखी पाठ, मोठे कान, गोल डोळे, भाल्यासारखी ताठ दाढी. उन्हाळा असो वा हिवाळा, अंगावर एकच झगा. अस्ताव्यस्त राहणीमुळे लोक त्याला 'गबाळा जांग' म्हणत. बावजी येथे तो वारला, आणि शवपेटीत ठेवताना पुन्हा जिवंत झाला, असेही तेथे म्हटले आहे. युंगलो सम्राटाने (राज्यकाल 1402–1424) त्याच्या शोधासाठी माणसे धाडली. तो सापडला नाही, पण तीन लाखांहून अधिक मजूर लावून वूदांगवर मंदिरे उभारली गेली. सम्राटाने पदच्युत केलेल्या आपल्या पुतण्याचा माग काढण्यासाठी ही मोहीम म्हणजे एक आवरण होते, अशी शंका जुनीच आहे. या सबंध चरित्रात मुष्टियुद्धाचा एक शब्दही नाही, ही गोष्ट वादात पुरेशा जोराने मांडली जात नाही.

सानफंगचा मुष्टियुद्धाशी संबंध जोडणारा ज्ञात असलेला जुना आधार 1669 चा. त्या वर्षी ह्वांग झोंगशी (1610–1695) या तत्त्वज्ञाने वांग जंगनान (1617–1669) या योद्ध्याचा समाधिलेख लिहिला. शाओलिनची मुष्टिविद्या आक्रमणावर भर देते म्हणून शत्रूला संधी मिळते. याउलट आतल्या घराण्याची कला स्थिरतेने गतीला आवरते, असे तो म्हणतो आणि या कलेचे मूळ सुंग काळातील जांग सानफंगकडे नेतो. सम्राट ह्वेइझुंगने (राज्यकाल 1100–1126) त्याला बोलावले. वाटेत दरोडेखोर, रस्ता बंद. रात्री स्वप्नात उत्तर दिशेच्या योद्धादेवाने, श्वेनवूने, त्याला मुष्टियुद्ध शिकवले आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले. इथे कालगणनाच अडखळते. मिंग इतिहासातला सानफंग युआन काळाच्या अखेरीचा व मिंगच्या आरंभीचा, म्हणजे 14व्या शतकाच्या आसपासचा. सुंगकालीन सानफंग त्याच्या अडीचशे वर्षे आधीचा. दोघांच्या नावातील शेवटचे अक्षरही वेगळे लिहिले जाते. म्हणून काही लेखक दोन सानफंग मानतात. एकाला वाचवण्यासाठी दुसरा निर्माण करणे ही तोड मात्र समाधानकारक नाही.

समाधिलेख कोणी व कधी लिहिला हे ध्यानात घेतले तर त्याचा वेगळा अर्थ लागतो. 1644 मध्ये मिंग सत्ता कोसळली. ह्वांग व वांग हे दोघेही मांचूंच्या छिंग सत्तेविरुद्धच्या प्रतिकारात होते. तो फसल्यावर वांगने आयुष्यभर मांसाहार सोडला. शाओलिन म्हणजे बाहेरून आलेला बौद्ध धर्म, आतले घराणे म्हणजे भूमीतली ताओपरंपरा; आणि श्वेनवू तर मिंग घराण्याचा रक्षक देव. आत आणि बाहेर ही जोडी मुष्टियुद्धापेक्षा राज्य गमावलेल्यांच्या मनाची भाषा असावी, हे स्टॅन्ली हेनिंग या अमेरिकी अभ्यासकाचे वाचन प्रस्तुत नोंदीस अधिक पटणारे वाटते. ह्वांगचा मुलगा ह्वांग बायज्या वांगकडे प्रत्यक्ष शिकला होता. त्याने 1676 मध्ये लिहून ठेवलेली डावांची नावे आजच्या ताईचीशी जुळत नाहीत. म्हणजे वांगच्या निंगबो परिसरातील 'आतले घराणे' आणि ताईची यांच्यात नाव सोडल्यास थेट दुवा दिसत नाही.

याच्या जोडीला असलेली शाओलिनची कथा भारतीय वाचकांस परिचित आहे : दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने भिक्षूंना युद्धकला शिकवली. तिचा आधार असलेल्या स्नायुपरिवर्तनाच्या पोथीला 628 ची म्हणून जोडलेली प्रस्तावना तेव्हाची असू शकत नाही. पोथी 1624 च्या सुमाराची मानली जाते. बोधिधर्म आणि सानफंग या दोन्ही मूळपुरुषांना तांग हाओ या युद्धकलेच्या इतिहासकाराने 1930 मधील एकाच पुस्तिकेत आव्हान दिले. तेव्हाच्या युद्धकला-वर्तुळात ते धाडसाचे होते.

चेनज्यागोउ : जपानमध्ये कायदा शिकलेला तांग हाओ 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत होनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेस वनश्येन तालुक्यातील चेनज्यागोउ या गावी गेला. त्याच्या निष्कर्षानुसार ताईचीचा जनक चेन कुळाच्या नवव्या पिढीतील चेन वांगतिंग (17वे शतक) हा होय. पुरावे तीन. पहिला, कुळाच्या वंशावळीतील नावाशेजारची टीप : मिंगच्या अखेरीस योद्धा म्हणून नाव कमावलेला, 'चेन घराण्याच्या मुष्टी, तलवार व भाल्याचा आरंभकर्ता'. दुसरा, वांगतिंगच्या नावावरील काव्य. त्यात म्हातारपणी सोबतीला ताओपंथी 'ह्वांगतिंग' पोथी उरली, कंटाळा आला की मूठ रचायची, काम पडले की शेत नांगरायचे, अशा ओळी आहेत.

तिसरा पुरावा सर्वांत भक्कम. मिंग सेनापती छी जीग्वांग (1528–1588) याने सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात मुष्टियुद्धाचे 32 पवित्रे सचित्र दिले; त्यांपैकी 29 चेन घराण्याच्या हालचालींच्या जुन्या संचांत आढळतात, असे तांग हाओने दाखवले. छीचा पहिला पवित्रा 'लानझायी', म्हणजे सैल हाताने झगा खोचणे. चेन शैलीत तो आजही सुरुवातीसच येतो. यांग शैलीत त्याच जागी 'लानछुएवेइ', म्हणजे चिमणीची शेपटी धरणे. उच्चार कानोकानी सरकला आणि झग्याची चिमणी झाली, असे मानण्यास जागा आहे. चेन शैलीत त्याच्याही आधी 'चिनकांग मुसळाने कुटतो' हा पवित्रा येतो : उजवी मूठ डाव्या तळहातात पडते आणि त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आपटतो. चिनकांग म्हणजे बौद्ध मंदिराच्या दारातला वज्रधारी रक्षक. शुद्ध ताओपंथी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कलेचे पहिलेच पाऊल संस्कृत 'वज्र' शब्दाच्या सावलीत पडते, हे नोंदवण्याजोगे आहे.

आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. टीप 'चेन मुष्टी'विषयी बोलते, ताईचीविषयी नव्हे. 'मूठ रचणे' याचा अर्थ नुसता सराव असाही होऊ शकतो. खुद्द घराण्यातील विद्वान चेन शिन (1849–1929) याने आपल्या मरणोत्तर 1933 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात श्रेय वांगतिंगला नव्हे, तर मिंगच्या आरंभी शान्शीतून येथे स्थायिक झालेल्या मूळपुरुष चेन बू याला दिले आहे. श्यू जन या अभ्यासकाने कला वांग झोंगयुए (याच्याविषयी पुढे) याने गावात आणली असे मत मांडले. वू तूनान या ताईची शिक्षकाच्या मते चेन छांगशिंगला (1771–1853) ती ज्यांग फा याच्याकडून मिळाली. या ज्यांग फाचीही दोन रूपे : एक वांगतिंगच्या चित्रात त्याच्या मागे शस्त्र घेऊन उभा, म्हणजे 17व्या शतकातला, दुसरा त्यानंतर शतकभराने आलेला गुरू.

वांग झोंगयुए व मिठाच्या दुकानातील हस्तलिखित : हपेइ प्रांतातील युंगन्येनच्या यांग लूचान (1799–1872) याने चेन छांगशिंगकडे शिकून ही कला पेकिंगला नेली. भिंतीच्या फटीतून चोरून पाहून तो शिकला, ही कथा त्याच्या परंपरेत आवडीने सांगतात. त्याच गावचा वू यूश्यांग (1812–1880) आधी यांगकडे व नंतर जाओबाओ गावी चेन छिंगपिंगकडे शिकला. वूच्या भावाला होनानमधील वूयांग येथे मिठाच्या दुकानात शान्शीच्या वांग झोंगयुएचे ताईचीवरील प्रकरण (छोटा निबंध) मिळाले, असे सांगतात. ते वूनेच लिहिले, असाही संशय घेतला जातो. मजकुरातच एक कसोटी आहे. 'चार तोळ्यांनी हजार पौंड वळवावे' अशा अर्थाच्या ओळीचा तेथे हवाला दिलेला आहे. ही ओळ एका जुन्या पद्यातली, आणि त्या पद्याचे छोटे पाठ चेनज्यागोउतही मिळाले. तेव्हा पद्य प्रकरणाआधीचे, एवढे धरता येते.

वूचा भाचा ली यीयू (1832–1892) याच्या नावावरील एका प्रतीत कलेचा आरंभ सुंगकालीन जांगपासून सांगितला आहे. पण त्याच्या 1881 च्या सुमाराच्या हस्तलिखितात वाक्य असे : 'ताईची छुआन कोणापासून सुरू झाले ते माहीत नाही.' चेन घराण्यातही ती खऱ्या अर्थाने उमगलेले पिढीत मोजकेच, असे तो पुढे म्हणतो. दोन पिढ्यांच्या अंतरावरून, गुरूंना ओळखणाऱ्या माणसाने केलेली ही कबुली. उगमाविषयीच्या सर्व लेखनात तिचे मोल सर्वांत जास्त आहे.

अन्य दावे : तांग काळातील (618–907) श्यू श्वेनपिंग या संन्याशापर्यंत जाणारी परंपरा 20व्या शतकाच्या आरंभी सुंग शूमिंगने पुढे आणलेल्या हस्तलिखितावर आधारलेली आहे. होनानमधील बोआय तालुक्यातील ली कुळाची 1716 ची म्हणून सांगितलेली वंशावळ वांगतिंग व त्याचे ली नातेवाईक एकत्र शिकले असे म्हणते. तिच्या अस्सलपणाबद्दल तीव्र मतभेद आहेत.

1949 नंतर चीनमधील अधिकृत लेखनात तांग हाओचे मत रुळले. 2020 मध्ये यूनेस्कोने ताईचीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या नोंदीत 17व्या शतकाचा मध्य व चेनज्यागोउ असाच उल्लेख आहे. यांग परंपरेच्या अनेक शाळांत मात्र वंशवृक्षाच्या माथ्यावर आजही जांग सानफंगचे नाव लिहितात.