पहिलटकरणीलाच हिवताप जास्त का भोवतो?

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हिवतापाचा डास बारमाही. तिथली मुलगी लहानपणी कितीदा तापाने फणफणते याची गणती नसते. त्यातून वाचली की अंगात प्रतिकार मुरतो. मोठेपणी रक्तात हिवतापाचे जंतू असले तरी ती शेतात राबत असते. मग तिला दिवस जातात आणि इतक्या वर्षांची ही कमाई अचानक अपुरी पडते. अंगातलं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं, कधी पोटातच दगावतं.

यावरचं जुनं उत्तर असं : बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकं. ते टिकावं म्हणून तिची प्रतिकारशक्ती नमतं घेते आणि हिवतापाचं फावतं. यात तथ्य आहे, पण हिशेब पुरा जुळत नाही. कारण अशा भागात सगळ्यात जास्त फटका बसतो तो पहिलटकरणीला. दुसऱ्या खेपेला कमी, तिसऱ्या-चौथ्या खेपेला आणखी कमी. बाळ तर पाचव्या खेपेलाही निम्मं परकंच असतं!

उत्तर वारेत, म्हणजे गर्भाशयात बाळाला आईच्या रक्तातून अन्न पुरवणाऱ्या अवयवात, दडलेलं होतं. फाल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणून ठेवतो. त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते. वाहत पानथरीत गेली तर तिथे तिची छाननी होऊन ती नष्ट होणार, ते टळतं. या प्रथिनाचे सुमारे ६० नमुने प्रत्येक जंतूच्या जनुकांत असतात आणि तो ते आलटून पालटून वापरतो. लहानपणीच्या प्रत्येक तापात शरीर त्यातल्या काहींची ओळख पटवून घेतं, त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडीज बनवतं.

वार मात्र शरीराला नवीन. १९९६ साली मिकल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या बाळंतिणींच्या वारेतले जंतू तपासले, तेव्हा ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या साखरेच्या साखळीला चिकटत होते. गरोदर नसलेल्यांच्या रक्तातल्या जंतूंना तिच्यात फारसा रस नव्हता. ही साखळी पकडणारं प्रथिन पुढे २००३ मध्ये कोपनहेगनच्या अली सलांती आणि सहकाऱ्यांनी हेरलं. नाव व्हार-टू-सीएसए. वारच नाही तिथे या नमुन्याला टेकायला जागा नाही, म्हणून शरीराची त्याच्याशी गाठ पडते ती पहिल्या गरोदरपणात. त्याच गावातल्या, तेवढेच डास चावलेल्या पुरुषांच्या रक्तात याविरुद्धच्या अँटीबॉडीज सहसा सापडतही नाहीत. म्हणजे बाईची प्रतिकारशक्ती दुबळी झालेली नसते, ती या शत्रूला पहिल्यांदाच पाहत असते. मला तरी हा फरक मोलाचा वाटतो.

वारेत आईचं रक्त मोकळ्या पोकळ्यांतून संथ फिरतं आणि त्यात बाळाच्या बाजूचे झुबके बुडालेले असतात. बाधित वारेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर या झुबक्यांच्या कडेने जंतूंनी भरलेल्या पेशी दाटलेल्या दिसतात, आणि जागोजागी काळपट तपकिरी ठिपके. जंतूने हिमोग्लोबिन खाऊन टाकलेला तो उष्टा कचरा. मागोमाग आईच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, सूज येते आणि बाळाकडे जाणाऱ्या अन्नात खोट येते. एवढं चाललेलं असताना तिच्या बोटाच्या रक्ताची काच कोरी निघू शकते. ताप नाही, जंतू दिसत नाहीत, आणि वार मात्र भरलेली.

डास फार चावत नाहीत तिथे गणित उलटतं. मोठ्या माणसांतही प्रतिकार मुरलेला नसतो, त्यामुळे पहिली खेप काय नि तिसरी काय, गरोदर बाईला ताप जोरात चढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. आपल्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही फाल्सिपेरमच जास्त आढळतो. तिथे गरोदर बाईच्या कणकणीला ‘असेल साधा ताप’ म्हणून सोडून देणं परवडणारं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मिळणाऱ्या अँटीबॉडीज लशीनेच आधी देता येतील का? व्हार-टू-सीएसएच्या तुकड्यापासून बनवलेल्या दोन लशींच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत, एकीची जर्मनी आणि बेनिनमध्ये, दुसरीची फ्रान्स आणि बुर्किना फासोमध्ये. अँटीबॉडीज तयार झाल्या, पण त्या मुख्यतः लशीत वापरलेल्या वाणालाच ओळखतात, जंतूच्या इतर वाणांपुढे तोकड्या पडतात. ती अडचण सुटली, तर ही लस पहिले दिवस जाण्याआधीच, म्हणजे मुलींना, टोचावी लागेल.