अतिखरेदी संकेतांची बाजारव्यापी चाचणी

एखाद्या समभागाचा भाव थोड्या दिवसांत इतक्या वेगाने चढतो की पुढे खरेदीचा जोर ओसरण्याची शक्यता मानली जाते. या स्थितीला तांत्रिक विश्लेषणात अतिखरेदी म्हणतात. सौदे करणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘ओव्हरबॉट’ हाच शब्द रुळला आहे. असे संकेत एकाच समभागाच्या चार्टवर न पाहता बाजारातील शेकडो समभागांच्या अनेक वर्षांच्या भावांवर लावून त्यांच्यानंतर प्रत्यक्षात काय घडले हे तपासणे, म्हणजे त्यांची बाजारव्यापी चाचणी होय. समभाग महाग आहे की स्वस्त, हा प्रश्न येथे नसतो. कंपनीचा नफा किंवा कर्ज या हिशेबात येतच नाही. मोजली जाते ती केवळ भावाची धाव.

या कामी सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशक म्हणजे जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकी विश्लेषकाने १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स. गेल्या १४ सत्रांतील, म्हणजे बाजाराच्या कामकाजाच्या दिवसांतील, सरासरी वाढीला सरासरी घसरणीने भागून जे गुणोत्तर येते त्यात १ मिळवायचा, त्या बेरजेने १०० ला भागायचे आणि आलेला भागाकार १०० मधून वजा करायचा. सरासरी वाढ ४.२० रुपये आणि सरासरी घसरण १.४० रुपये असेल तर गुणोत्तर ३, आणि आरएसआय ७५. अतिखरेदीची रूढ रेषा ७० वर असते. म्हणजे सरासरी वाढ सरासरी घसरणीच्या सुमारे २.३३ पट झाली की संकेत मिळतो. पहिल्या सरासरीनंतर मात्र दररोज जुन्या सरासरीला १३ ने गुणून तीत आजचा बदल मिळवायचा व १४ ने भागायचे, अशी वाइल्डरची रीत आहे. त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या मोठ्या उडीचा अंश आकड्यात शिल्लक राहतो, आणि भावांची मालिका कोणत्या तारखेपासून घेतली यावर दोन सॉफ्टवेअरची उत्तरे किंचित निराळी येऊ शकतात.

जॉर्ज लेन यांच्या नावाशी जोडलेला स्टोकॅस्टिक हा निर्देशक ८० वर, तर डोनाल्ड लॅम्बर्ट यांचा सीसीआय (कमोडिटी चॅनल इंडेक्स) अधिक १०० वर हीच सूचना देतो. जॉन बोलिंजर यांच्या पट्ट्यांत भाव २० दिवसांच्या सरासरीपासून दोन प्रमाण विचलने (भावाच्या नेहमीच्या चढउताराचे माप) वर गेला की तो ताणलेला समजतात. हे सर्व एकाच भावमालिकेतून निघत असल्याने तिघांनी एकदम होकार दिला तरी ती तीन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष ठरत नाही.

चाचणीचा नियम आधी लिहून ठेवावा लागतो. दिवसाचा आरएसआय बाजार बंद झाल्यावरच नक्की होतो. म्हणून व्यवहार दुसऱ्या दिवशीच्या भावाने धरणे प्राप्त आहे. त्याच दिवसाच्या बंद भावाने विक्री दाखवणारी चाचणी नकळत उद्याची माहिती आज वापरते. संकेतानंतरच्या ५, १० किंवा २० सत्रांतील परतावा मोजून तो त्याच समभागांच्या कोणत्याही सामान्य दिवसानंतरच्या परताव्याशी ताडून पाहावा लागतो, कारण चढत्या बाजारात बहुतेक दिवसांनंतर भाव वरच गेलेले असतात.

२०२० चे उदाहरण बोलके आहे. २३ मार्च रोजी निफ्टी ५० निर्देशांक ७,६१० वर बंद झाला होता. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो १२,७०० च्या पुढे गेला आणि त्याचा दैनंदिन आरएसआय ७० ओलांडून गेला. नियमाप्रमाणे येथे नफावसुली करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत निर्देशांक डिसेंबरअखेर १४,००० च्या उंबरठ्यावर आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये १५,००० वर पोचला. मधे २१ डिसेंबरला एका दिवसात तीन टक्क्यांहून अधिक पडझड झाली खरी, पण त्या दिवशीचा बंद भावही नोव्हेंबरच्या संकेतावेळच्या पातळीपेक्षा वरच होता. जोरदार तेजीत आरएसआय आठवडेच्या आठवडे चढा राहतो. त्या वेळी तो थकव्यापेक्षा ताकदीची खूण असतो. म्हणूनच भावाच्या दीर्घ मुदतीच्या सरासरीच्या वरचे आणि खालचे समभाग वेगळे काढून चाचणी घेणे इष्ट.

अशा दिवसांत संकेत झुंडीने येतात. एका आठवड्यात ३०० समभागांनी ७० ओलांडले तर त्या ३०० स्वतंत्र घटना नसून बहुतांशी एकाच तेजीची ३०० रूपे असतात. आरएसआयचा अवधी ५ ते ३० सत्रे आणि अतिखरेदीची रेषा ६५ ते ९० अशा पूर्णांकांच्या सर्व जोड्या तपासल्या तर ६७६ नियम तयार होतात. संकेतात काहीही तथ्य नसले तरी पाच टक्के योगायोग चालवून घेणाऱ्या सांख्यिकी कसोटीवर त्यांतले तीसेक नियम निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतील.

माहितीसाठ्याची निवडही तितकीच नाजूक आहे. आजच्या निफ्टीची यादी घेऊन मागची वर्षे तपासली तर जानेवारी २००९ मध्ये वगळलेली सत्यम आणि मार्च २०२० मध्ये वगळलेली येस बँक हिशेबातून आपोआप गळतात, म्हणजे टिकून राहिलेल्यांचेच प्रगतिपुस्तक हाती येते. बोनस किंवा विभाजनानंतर जुने भाव समायोजित केले नाहीत तर १:१ बोनसच्या (एका समभागामागे एक मोफत) दिवशी भाव निम्म्यावर आलेला दिसतो आणि आरएसआय कोसळतो, प्रत्यक्षात भागधारकाचे काहीच गेलेले नसते.

सर्वांत फसवे आकडे छोट्या समभागांचे असतात. रोज पाच टक्क्यांचे अप्पर सर्किट, म्हणजे दिवसभरातील वाढीची कमाल मर्यादा, लागणाऱ्या समभागाचा आरएसआय ९० च्या पुढे जातो आणि कागदावर तो मंदीच्या सौद्यासाठी, म्हणजे हाती नसलेला समभाग आधी विकून नंतर स्वस्तात खरेदी करण्यासाठी, उत्तम दिसतो. भारतात रोखीच्या बाजारात असा सौदा सामान्य गुंतवणूकदाराला त्याच दिवशी पुरा करावा लागतो. पण सकाळी विकलेला समभाग दुपारी सर्किटला अडकला की विक्रेताच उरत नाही, आणि न दिलेले समभाग एक्सचेंजच्या लिलावातून चढ्या भावाने भरावे लागू शकतात. चाचणीच्या तक्त्यात मात्र ती खरेदी बंद भावाने झालेली असते.