झोपेची गोळी कुठली आणि उदासीची कुठली

बेळगावात औषधाच्या दुकानात बसून मला एकवीस वर्षं झाली. मनाच्या आजारावरची कुठलीही गोळी असो, गिऱ्हाइकाकडे तिला नाव एकच. मराठी माणूस 'झोपेची गोळी' म्हणतो, कानडी माणूस 'निद्दी गुळगी'. चिठ्ठीवर मात्र बऱ्याचदा दोन वेगळ्या जातींची औषधं असतात आणि त्यांचे स्वभाव जवळजवळ उलटे.

एक जात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम यांची. ही खरोखर झोपेची आणि घाबरण्यावरची. मेंदूत स्वतःचा एक ब्रेक असतो, हे औषध तो जोरात दाबतं. तासाभरात छातीतली धडधड कमी होते, डोळा लागतो. दुसरी जात एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांची. ही उदासीवर आणि सततच्या चिंतेवर. झोप आणणं हे तिचं काम नव्हे. काहींची झोप सुरुवातीला उलट उडते, म्हणून पुष्कळदा ती सकाळी घ्यायला सांगतात. सेरोटोनिन नावाचं रसायन ती काही तासांतच वाढवते, पण मेंदू त्याच्याशी जुळवून घेईपर्यंत आठवडे जातात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला सहा-आठ.

घोळ होतो तो इथेच. पहिली गोळी साधारण दोन-चार आठवड्यांपुरती द्यायची असते, दुसरी बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते. लोक नेमकं उलटं करतात. पहिली वर्षानुवर्षं चालते, दुसरी पाचव्या दिवशी कचऱ्यात जाते.

का, ते काउंटरवर उभं राहिलं की कळतं. दुसऱ्या गोळीचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, जिवाची उगाच घालमेल. माणूस उरलेली पट्टी परत घेऊन येतो, "ही मानवली नाही बघा." पहिलीचा गुण त्याच रात्री येतो आणि डॉक्टरांच्या 'हातगुणा'ची कीर्ती सकाळी गल्लीभर होते. अल्प्राझोलामनं किती जणांना हातगुण मिळवून दिला असेल, याचा हिशेब कुणी मांडायला हवा.

डॉक्टरांना हे ठाऊक नसतं का? मनोविकारतज्ज्ञांना असतंच. ते कधी कधी दोन्ही एकदम सुरू करतात: दुसरीचा गुण येईपर्यंत पहिलीचा आधार, मग पहिली हळूहळू बंद. पण आमच्याकडची बहुतेक माणसं आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. एमबीबीएसला मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो, मेडिसिनच्या पेपरातच त्याचा थोडा वाटा. बाहेर बाकावर चाळीस माणसं ताटकळलेली. समोरचा म्हणतो, छातीत धडधडतं. ईसीजी ठीक येतो, 'टेन्शन आहे' असं ठरतं आणि चिठ्ठीवर गोळी उतरते. ती कधी थांबवायची हे लिहिलेलं नसतं. मी याला अज्ञानापेक्षा घाई म्हणेन, पण रोग्याच्या दृष्टीनं फरक काय? आणि घाईत एक प्रश्न हमखास राहतो: पूर्वी कधी झोपेशिवाय चार-सहा दिवस भलताच उत्साह, वारेमाप खर्च, बडबड असं झालं होतं का? झालं असेल, तर नुसती उदासीची गोळी माणसाला त्या टोकाला पुन्हा नेऊ शकते.

घोळात भर घालायला दोन्ही जाती एकाच गोळीत मिळतात. एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम, नावाच्या शेवटी बहुतेक 'प्लस'. गिऱ्हाइकाला वाटतं, प्लस म्हणजे जास्त ताकदीची. खरी अडचण वेगळी आहे. एक लवकर थांबवायची आणि दुसरी चालू ठेवायची, तर एकाच गोळीत कसं जमायचं? अर्धी केली की दोन्ही अर्ध्या होतात.

आता सवयीचं. 'सवय लागेल' म्हणून लोक घाबरतात ते नेमके दुसऱ्या गोळीला. तिची ओढ लागत नाही. अचानक सोडली तर चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात, म्हणून तीही हळूहळू कमी करायची, एवढंच. खरी सवय पहिलीची. तोच डोस पुरेनासा होतो. म्हाताऱ्या माणसांत तोल जातो, विसरभोळेपणा येतो, आणि रात्री मोरीकडे जाताना पडून खुबा मोडला की दोष फरशीवर जातो. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. बरेच दिवस घेतलेली एकदम तोडली तर फिटही येऊ शकते.

येळ्ळूरच्या एक आज्जी सौंदत्तीच्या यात्रेला गेल्या आणि पट्टी घरी विसरल्या. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घाम फुटला, झोप नाही. घरचे म्हणाले, आजार परत आला. आजार नव्हता, सवय लागलेलं शरीर गोळी मागत होतं. परत आल्यावर त्यांनी माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली, 2019 ची, लॅमिनेट केलेली. भिजू नये म्हणून नातवानं करून दिली होती. त्या प्लास्टिकवर कुणाला काही नवीन लिहिण्याची सोयच नव्हती. "पाच वर्सं घेऊलोय, काय झालं नाही बघ."

अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ही आणखी एक झोपेची गोळी, ही औषधं सरकारच्या एच-1 या यादीत आहेत. विकताना वेगळ्या वहीत डॉक्टरचं, रोग्याचं, औषधाचं नाव आणि संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. त्या वहीत मी मागची पानं उलटली तर आज्जींचं नाव दर महिन्याला, आकडा तोच, 30. लिहिणारा मीच. वही नीट भरलेली होती, तरी जुन्या चिठ्ठीवर पट्टी पुढं सरकवताना आपण काय करतो, ते त्या दिवशी दिसलं.

तज्ज्ञ नाव काढलं की इथे धारवाडचं मनोरुग्णालय आठवतं आणि 'धारवाडला नेणं' ऐकलं की घरात कुजबुज सुरू होते. तेवढ्यासाठी लोक वर्षं काढतात. मनोविकारतज्ज्ञ आता बेळगावातही आहेत, चंदगडकडची माणसंसुद्धा त्यांच्याकडे येतात. मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणारी सरकारची 14416 ही टेली-मानस सेवा 2022 पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: ही कुठल्या जातीची, आणि कधी थांबवायची? उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्या, तारखेसकट.

आज्जी गेल्या तज्ज्ञाकडे. त्यांनी एकदम तोडलं नाही, महिनोन्‌महिने थोडं थोडं उतरवायचं ठरवलं. वहीत त्यांचं नाव अजून चढतं. गेल्या महिन्यात आकडा 15 होता.