लसीनंतरच्या तक्रारींचा आकडा कसा वाचायचा?

अमेरिकेत लस घेतल्यानंतर काही त्रास झाला, तर त्याची नोंद कोणीही करू शकतं. डॉक्टर, नर्स, आईवडील, स्वतः रुग्णसुद्धा. ‘व्हेअर्स’ नावाची ही सरकारी व्यवस्था १९९० पासून चालू आहे आणि तिथली माहिती सर्वांना खुली आहे. त्रास लसीमुळेच झाला, हे नोंद करताना सिद्ध करावं लागत नाही. कोविड लसीच्या वेळी तर लसीकरणानंतर झालेला मृत्यू, कारण काहीही असो, कळवणं डॉक्टरांना बंधनकारक होतं. ज्या देशात २०१९ साली, म्हणजे कोविडच्या आधीच, वर्षभरात २८ लाखांहून अधिक माणसं दगावली, तिथे लसीनंतरच्या मृत्यूंची यादी मोठी होणारच. त्या यादीलाच ‘लसीचे बळी’ म्हणणं चूक आहे.

पण म्हणून या नोंदी टाकाऊ ठरत नाहीत. रोटाशील्डचं उदाहरण बघा. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची ही तोंडावाटे द्यायची लस १९९८ साली अमेरिकेत आली. पुढच्या जुलैपर्यंत, सुमारे १५ लाख डोस गेल्यावर, व्हेअर्सकडे १५ बाळांच्या नोंदी जमल्या होत्या. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याच्या या नोंदी होत्या, आणि हा आजार वेळेत उपचार न झाल्यास जिवावर बेततो. तो लस न घेतलेल्या बाळांनाही होतो. हिशेब केला तेव्हा दिसलं, की इतक्या डोसांनंतरच्या आठवड्यात निव्वळ योगायोगानेही १४ ते १६ बाळांना तो झाला असता.

नुसता आकडा पाहिला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मात्र १५ पैकी १२ बाळांना त्रास डोसनंतर आठवड्याच्या आत सुरू झाला होता आणि १३ जणांना पहिल्याच डोसनंतर. योगायोग असा एका जागी गोळा होत नाही. शिवाय सगळ्या घटना कळवल्या जात नाहीत, हे तज्ज्ञांना ठाऊक होतं. लस थांबवली गेली, मग आजारी आणि निरोगी बाळांची शिस्तीत तुलना झाली. धोका खरा निघाला, साधारण दहा हजार बाळांमागे एक. ऑक्टोबर १९९९ मध्ये लस बाजारातून काढून घेतली. या कामगिरीबद्दल त्या तज्ज्ञांचं कौतुक व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रोटाव्हायरसवरच्याच आपल्याकडच्या रोटाव्हॅक लसीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली. दहा हजारांत एक असा धोका एवढ्या चाचणीत हमखास सापडेलच असं नाही. म्हणून २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आल्यावर रुग्णालयांतून आतडं अडकण्याच्या आजाराची बाळं शोधून प्रत्येकाची डोसची तारीख तपासली गेली. लसीनंतरच्या दिवसांत आजार इतर दिवसांपेक्षा जास्त होतो का, हे त्यातून पाहिलं. तसं आढळलं नाही.